आधी पट्ट्या, मग आवाज: घरासाठी कीबोर्ड की डिजिटल पियानो?

दुकानातल्या खोक्यांवर सगळ्यांत ठळक छापलेला असतो तो आवाजांचा आकडा. ६०० टोन, ८०० व्हॉइस, दोनशेच्या वर ऱ्हिदम. त्याच दुकानात पलीकडे यामाहाचा पी-१४५ मांडलेला असतो. किंमत कितीतरी जास्त आणि आत आवाज फक्त १०. पहिल्यांदा खरेदीला आलेल्या आईबाबांना हा हिशेब पटत नाही, ते ८०० वाला उचलतात, आणि वर्षभराने पियानोचे शिक्षक सांगतात की मुलाच्या बोटांत जोरच आलेला नाही. उलटंही तितकंच घडतं. भजनाची, नाट्यगीताची साथ करायला शिकायचं असतं आणि घरी येतो ८८ पट्ट्यांचा बारा किलोचा पियानो. त्याच्यावर द्रुत लयीतल्या जागा घेताना मनगट भरून येतं.

तेव्हा कुठला ब्रँड चांगला हा प्रश्न नंतरचा. येत्या दोन-तीन वर्षांत काय वाजवायचं आहे, हे आधी ठरवा. पाश्चात्त्य पियानो नोटेशनवरून शिकायचा असेल तर हॅमर ॲक्शनच्या ८८ पट्ट्या, पहिल्या दिवसापासून. हार्मोनियमच्या वळणाचं वादन, सुगम संगीत, सिनेमाची गाणी, ऑर्केस्ट्रा असं काही असेल तर ६१ पट्ट्यांचा टच असलेला कीबोर्ड, म्हणजे पट्टी हळू किंवा जोरात दाबली की आवाजही तसाच येणारा. ही दोन वेगळी वाद्यं आहेत. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षांतही पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड यांचे अभ्यासक्रम आणि ग्रेड वेगवेगळे आहेत. क्लास लावला असेल तर मूल यांतल्या कुठल्या परीक्षेला बसणार, हे शिक्षकांना विचारूनच दुकानाची पायरी चढा.

हॅमर ॲक्शन म्हणजे काय, तर प्रत्येक पट्टीच्या आत एक वजनदार दांडा असतो. पट्टी दाबली की तो उचलला जातो आणि बोट काढलं की त्याच्या वजनाने पट्टी वर येते. खर्जाकडच्या पट्ट्या जड आणि तारसप्तकाकडे जाताना हळूहळू हलक्या, खऱ्या पियानोसारख्या. साध्या कीबोर्डमध्ये पट्टी वर ढकलायचं काम स्प्रिंग किंवा खालचं रबर करतं. पियानोवर आवाजाची पातळी बोटाच्या वेगावर ठरते, आणि तो वेग ताब्यात ठेवायला पट्टीने बोटाला काहीतरी विरोध करावा लागतो. स्प्रिंगच्या पट्टीवर तो विरोध पुरेसा मिळत नाही. त्यामुळे तिच्यावर तयार झालेलं मूल खऱ्या पियानोसमोर बसलं की हळू वाजवताना स्वर गाळतं आणि जोरात वाजवताना खांद्यातून ताकद लावतं.

हार्मोनियमचं गणित निराळं. तिथे आवाजाचा चढउतार भात्यावर आणि पट्टी हलकी, त्यामुळे बोटं पट्ट्यांवरून सरकत, घासत जातात. या हाताला स्प्रिंगच्या पट्ट्याच जवळच्या वाटतात. नाट्यसंगीतात पायपेटीने जी साथ केली, ती आज बहुतेक ठिकाणी कीबोर्डवर होते, आणि त्या कामाला ६१ पट्ट्यांचं हलकं वाद्य योग्यच आहे. ‘हॅमर ॲक्शन म्हणजे वरचा दर्जा’ असं समजून सगळ्यांनीच तिकडे धाव घ्यायची गरज नाही.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. टच सेन्सिटिव्ह नसलेला कीबोर्ड शिकायला घेऊ नका. यामाहाचे पीएसआर-एफ५२, पीएसआर-ई२७३ आणि कॅसिओचा सीटी-एस१०० दिसायला पूर्ण आकाराचे आहेत, आवाजही बरे आहेत, पण पट्टी हळू दाबा किंवा जोरात, आवाज तेवढाच येतो. लहान पट्ट्यांचा एसए-४६ तर खेळण्यातच मोजावा. टच असलेल्या कीबोर्डमध्ये प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्कबिंदू असतात. पहिला जुळल्यापासून दुसरा जुळेपर्यंत किती वेळ गेला, त्यावरून आतली चिप स्वराचा जोर ठरवते. हे लक्षात ठेवा, पुढे बिघाड ओळखताना उपयोगी पडेल.

६१ पट्ट्यांमध्ये काय घ्यावं

भारतासाठी म्हणून काढलेली दोन मॉडेल्स विचारात घ्यावीत अशी आहेत: कॅसिओ सीटी-एक्स८७०आयएन आणि यामाहा पीएसआर-आय५००. दोन्हींत टच आहे, सस्टेन पेडलची (पट्टी सोडल्यावरही स्वर लांबवणाऱ्या पेडलची) जागा आहे, भारतीय वाद्यांचे आवाज आणि ताल आहेत. कॅसिओ साधारण बारा ते पंधरा हजारांच्या पट्ट्यात मिळतो, यामाहा त्याहून बराच महाग. जास्तीच्या पैशांत यामाहा ‘रियाज’ नावाची सोय देतो: तानपुरा आणि तबला एकदम चालू करून, हवी ती लय धरून वर वाजवता किंवा गाता येतं. घरात गाणं शिकणारं कोणी असेल तर ही सोय रोज वापरली जाते. नसेल तर कॅसिओ पुरेसा आहे, आणि वाचलेल्या पैशांत स्टँड, पेडल आणि हेडफोन येतात.

या गटात पिच बेंडचं चाक, म्हणजे वाजता स्वर वरखाली सरकवणारं चाक, आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहून घ्या. दिसायला जुळे असलेल्या सीटी-एक्स७०० आणि सीटी-एक्स८०० मध्ये पहिल्याला ते नाही, दुसऱ्याला आहे. बासरी, सतार, सारंगी हे टोन मींडेशिवाय कोरडे वाटतात, आणि मींड चाकावरच निघते. चाकाची रेंज बहुधा दोन अर्धस्वरांची ठेवलेली असते, म्हणजे पूर्ण फिरवलं की सा वरून शुद्ध रे वर पोचता. ग वरून शुद्ध म वर जायचं तर अर्धंच फिरवावं लागतं, आणि अर्ध्यावर नेमकं थांबणं नवख्याला जमत नाही. अशा गाण्यासाठी फंक्शनमध्ये जाऊन रेंज एकवर आणा. चाक शेवटापर्यंत फिरवलं तरी स्वर बरोबर जागी पडेल.

आता गाण्याच्या पट्टीचा, म्हणजे सा कुठून धरायचा याचा प्रश्न. सगळे स्वर एकदम वर किंवा खाली सरकवणारं ट्रान्सपोजचं बटण बहुतेक कीबोर्डवर असतं आणि साथीदाराला ते वरदान आहे. पांढरी एक वरून वाजवायची सवय आहे आणि गायिकेची काळी चार आहे, तर ट्रान्सपोज उणे ४ करा. अधिक ८ केलं तरी काळी चारच मिळेल, पण सगळं एक सप्तक वर जाईल आणि हार्मोनियमचा टोन चिरका लागेल. शिकणाऱ्याने मात्र पहिली दोन वर्षं या बटणाला हात लावू नये. काळी एक आणि काळी पाच वरून बोटं बसली पाहिजेत, नाहीतर खरी पेटी पुढ्यात आली की अडचण होते.

पेटीबरोबर किंवा जुन्या पायपेटीबरोबर वाजवताना दुसरी अडचण येते. पट्टी तीच, पण सूर थोडा वरखाली. कीबोर्ड कारखान्यातून ४४० हर्ट्झला लावून येतो, पेट्या तशा असतीलच असं नाही. पेटीचे सूर कार्यक्रमाआधी हलवता येत नाहीत, कीबोर्डचे येतात. मेन्यूत ‘ट्यूनिंग’ शोधा, दोन्हींवर एकच स्वर लांबवून धरा आणि थरथर थांबेपर्यंत आकडा हलवा. आधी पेटी धरा, कीबोर्ड तिच्यामागे न्या.

कानाने तयार असलेल्यांना कीबोर्डचा गंधार तानपुऱ्यावर टोचतो, आणि त्यांची तक्रार खरी आहे. समान अंतराच्या स्वरसप्तकात शुद्ध ग सा पासून ४०० सेंटवर (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) असतो, तर तानपुऱ्यातून ऐकू येणारा नैसर्गिक ग ३८६ च्या आसपास. म्हणजे कीबोर्डचा ग सुमारे १४ सेंट चढा. शुद्ध धही साधारण १६ सेंट चढा. पंचम मात्र जेमतेम २ सेंट उतरलेला, तो खटकत नाही. ज्या मॉडेलमध्ये स्वरागणिक ट्यूनिंग बदलता येतं, तिथे ग आणि ध एवढेच उतरवा, पण ते कुठल्या पट्टीला सा मानून केलं आहे ते लिहून ठेवा. सा बदलला की सगळं पुन्हा करावं लागतं. रागसंगीत हाच मुख्य उद्देश असेल तर ही सोय पाहूनच मॉडेल निवडा.

आणि हार्मोनियमचा टोन कितीही चांगला असला तरी त्यात भाता नाही. पट्टी धरून ठेवली की स्वर एकाच जोराने वाहत राहतो. पायाने आवाज कमी-जास्त करणारं एक्स्प्रेशन पेडल जोडता येत असेल तर जोडा. नसेल तर डावा हात आवाजाच्या नॉबवर ठेवून ओळीच्या शेवटी आवाज किंचित उतरवायची सवय करा. साथ तेवढ्यानेच खूप सुधारते.

८८ पट्ट्यांमध्ये काय घ्यावं

सुरुवात एका सापळ्यापासून. ऑनलाइन ‘८८ की डिजिटल पियानो’ म्हणून निम्म्या किमतीत जे मिळतं, ते बहुतेक वेळा स्प्रिंगच्या पट्ट्यांचं असतं. ‘सेमी-वेटेड’ असंही लिहिलेलं असतं. पट्ट्या ८८ असल्या म्हणून आत हॅमर असतोच असं नाही. ओळखायचा सोपा उपाय म्हणजे वजन. चांगल्या कंपन्यांतल्या हलक्यात हलक्या हॅमर ॲक्शनपैकी एक असलेला कॅसिओ सीडीपी-एस११० साडेदहा किलोचा आहे. सात-आठ किलोत ८८ पट्ट्या मिळत असतील तर आत हॅमर नाही असंच धरून चाला.

चाळीस ते साठ हजारांच्या आसपास तीन नावं पुन्हा पुन्हा समोर येतात: यामाहा पी-१४५, रोलँड एफपी-१० आणि कॅसिओ सीडीपी-एस११०.

तिघांत पट्ट्या सर्वांत चांगल्या एफपी-१० च्या. पीएचए-४ स्टँडर्ड नावाची ही यंत्रणा रोलँडने आपल्या बऱ्याच महाग मॉडेल्समध्येही वापरली आहे. प्रत्येक पट्टीला तीन सेन्सर आहेत, त्यामुळे पट्टी पूर्ण वर यायच्या आत पुन्हा दाबली तरी स्वर उमटतो. एकच स्वर भराभर वाजवायच्या जागी हे लगेच कळतं. पट्टी अगदी हळू दाबली की तळाच्या जरा आधी बोटाला एक बारीकशी खाच जाणवते. ग्रँड पियानोत हातोडा तारेला लागायच्या जरा आधी पट्टीपासून सुटतो, त्या एस्केपमेंटची ही नक्कल आहे. पृष्ठभाग किंचित खरखरीत असल्यामुळे घामेजलेलं बोट घसरत नाही, मुंबई-कोकणच्या हवेत याचं मोल मोठं. वजन १२.३ किलो, पॉलिफोनी (एका वेळी वाजू शकणारे स्वर) ९६.

आता त्याच्या उणिवा. स्पीकर खालच्या अंगाला आहेत, त्यामुळे पलंगावर किंवा कापड अंथरलेल्या टेबलावर ठेवला की आवाज दबतो. तो उघड्या स्टँडवरच हवा. बाहेर आवाज काढायला वेगळं लाइन आउट नाही, हेडफोनच्या बारक्या जॅकवरच भागवावं लागतं. बटणं मोजकी असल्याने मेट्रोनोम किंवा टोन बदलायला फंक्शनचं बटण धरून पट्ट्या दाबाव्या लागतात, तो तक्ता छापून समोर चिकटवा. आणि यातलं ब्लूटूथ फक्त मिडीसाठी, म्हणजे कुठली पट्टी किती जोरात दाबली याचे संकेत पाठवण्यासाठी आहे. फोनवरचं गाणं त्याच्या स्पीकरमधून वाजेल अशा समजुतीने घेणारे पुष्कळ असतात. ते होत नाही.

पी-१४५ हा पी-४५ चा उत्तराधिकारी, २०२३ साली आलेला. वजन ११.१ किलो, पॉलिफोनी ६४, आवाज १०. पट्ट्यांची यंत्रणा नवी आणि आटोपशीर आहे, वजनाने एफपी-१० पेक्षा हलकी. सहा-सात वर्षांच्या मुलाला ती लवकर सोसते. मोठ्या माणसाला, किंवा ज्याला क्लासमध्ये खऱ्या पियानोवर बसायचं आहे त्याला, ती थोडी पोकळ वाटेल. आवाजाचा स्वभाव स्वच्छ आणि उजळ, त्यामुळे चुका लपत नाहीत. शिकताना हा गुणच आहे. वापरायला तिघांत सर्वांत सोपा, आणि यामाहाची दुरुस्तीची सोय महाराष्ट्रात तालुक्याच्या नाही पण जिल्ह्याच्या ठिकाणाहून मिळवणं तुलनेने सोपं जातं.

सीडीपी-एस११० ची खोली, म्हणजे पुढून मागेपर्यंतची रुंदी, २३२ मिलिमीटर आहे. वन-बीएचकेमध्ये भिंतीलगतच्या अरुंद टेबलावर तो मावतो. शिवाय सहा पेन्सिल सेलवर चालतो. ज्या गावात संध्याकाळी वीज जाते तिथे दुसरा पर्याय शोधायची गरज नाही. पण या बारीकपणाची किंमत पट्ट्यांत मोजावी लागते. पट्टी आत जिथे टेकलेली असते ते ठिकाण पुढच्या कडेपासून फार लांब नाही. त्यामुळे पट्टीच्या टोकाला बोट सहज खाली जातं, पण काळ्या पट्ट्यांच्या मध्ये, आतल्या बाजूला दाबायला जास्त जोर लागतो. सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांच्या सी मेजरमध्ये हे कळतसुद्धा नाही. काळ्या पट्ट्या जास्त असलेल्या स्केलमध्ये अंगठा आत जातो आणि नेमके तेच स्वर बारीक पडतात. जागा आणि वीज या अडचणी खऱ्या असतील तर घ्या, नसतील तर बाकी दोघांकडे वळा.

आमचं मत स्पष्ट आहे: पियानोच्या ग्रेड द्यायच्या असतील तर एफपी-१०. मूल लहान असेल, किंवा घरात दोघं-तिघं वाजवणार असतील आणि कोणालाही बटणांचा तक्ता पाठ करायचा नसेल, तर पी-१४५.

पॉलिफोनीचा आकडा किती मनावर घ्यायचा? दहा बोटांना ६४ स्वर कशाला, असं वाटतं. पण सस्टेन पेडल दाबून ठेवलं की आधीचे स्वर विरेपर्यंत मोजणीत राहतात, आणि स्टिरिओ टोनमध्ये एका स्वराला दोन जागा लागू शकतात. दोन टोन एकत्र लावले की हिशेब दुप्पट. सुरुवातीच्या चार-पाच ग्रेडपर्यंत ६४ ला काही होत नाही. लांब पेडलच्या, दोन्ही हातांच्या मोठ्या पल्ल्याच्या रचना सुरू झाल्या की खर्जातले स्वर अवेळी तुटू लागतात. तोपर्यंत वाद्य बदलायची वेळ आलेलीच असते.

थोडे जास्त पैसे असतील तर एफपी-३०एक्स कडे जरूर पाहा. पट्ट्या एफपी-१० च्याच, पण पॉलिफोनी २५६, स्पीकर ११ वॉटचे दोन, लाइन आउट वेगळं आणि ब्लूटूथवर गाणीही वाजतात. यामाहाचा पी-२२५ आवाजात पी-१४५ च्या बराच पुढे आहे, पट्ट्यांत नाही. त्यामुळे पट्ट्यांसाठी म्हणून तिकडे जाण्यात अर्थ नाही.

दुकानात काय तपासायचं

फोटो आणि व्हिडिओ पाहून पट्टी कळत नाही. मुंबईत धोबी तलावच्या, १८६५ साली सुरू झालेल्या फुर्टाडोजसारख्या जुन्या दुकानांत वाद्यं मांडलेली असतात, पुणे-पणजीतही अशी दुकानं आहेत. तिथे जाऊन हात लावा. आपला वायरचा हेडफोन बरोबर न्या, कारण दुकानातल्या गलक्यात फरक कळत नाही आणि दुकानदार आवाज चढवून ठेवतो. पियानोचा टोन निवडा, रिव्हर्ब (आवाज घुमवण्याची सोय) बंद करायला सांगा, आवाज निम्म्यावर ठेवा.

मधली एखादी पट्टी इतकी हळू दाबा की स्वर उमटूच नये. खऱ्या पियानोवर तसंच होतं. मग तीच पट्टी आठ-दहा वेळा, दर वेळी किंचित जास्त जोराने. आवाज सलग वाढला पाहिजे. हळू, हळू, एकदम मोठा अशा उड्या येत असतील तर टचची सेटिंग ‘हार्ड’ किंवा ‘सॉफ्ट’ करून पुन्हा पाहा. तरीही उड्या राहिल्या तर ते मॉडेल सोडा. पुढचं काम: त्याच पट्टीवर एकदा कडेला आणि एकदा पाच-सहा सेंटिमीटर आत दाबून जोर किती वेगळा लागतो ते बघा. खर्जातला एक स्वर दाबून धरा आणि तो विरताना ऐका. चांगल्या टोनमध्ये तो हळूहळू काळवंडत जातो. स्वस्त टोनमध्ये दोन-तीन सेकंदांनी तोच तुकडा गोल फिरत असल्यासारखा ऐकू येतो. शेवटी आवाज पूर्ण बंद करून भरभर वाजवा. जो ठकठकाट ऐकू येईल, तोच रात्री हेडफोन लावून वाजवताना खालच्या मजल्यावर जाणार आहे. स्टँडच्या पायांखाली जाड रबर किंवा दुमडलेली सतरंजी टाकली की बराच कमी होतो.

बरोबर काय घ्यायचं

खोक्यात मिळणारं पेडल म्हणजे एक चपटं बटण असतं. ते चालू-बंद एवढंच जाणतं आणि गुळगुळीत फरशीवर सरकत जातं. पियानो शिकणाऱ्याने वर्षभरात खरं पेडल घ्यावं. पी-१४५ ला यामाहाचं एफसी३ए, एफपी-१० ला रोलँडचं डीपी-१०. दोन्हींवर अर्धं पेडलही वाजवता येतं. दुसऱ्या कंपनीचं पेडल लावलं आणि दाबल्यावर आवाज तुटतोय, सोडल्यावर लांबतोय, असं झालं तर पेडल बिघडलेलं नाही. त्याची पोलॅरिटी उलटी आहे. पेडलखाली छोटा स्विच असेल तो फिरवा. नसेल तर पेडलवरून पाय काढून वाद्य बंद करून पुन्हा चालू करा, बरीच वाद्यं चालू होताना पेडलची दिशा ओळखतात. याच कारणाने चालू करताना पेडलवर पाय ठेवू नये.

६१ पट्ट्यांना एक्स आकाराचा दुहेरी पाइपाचा स्टँड चालतो. बारा किलोच्या पियानोला तो डुलतो आणि पेडल मारताना गुडघ्याला लागतो. झेड आकाराचा किंवा कंपनीचा लाकडी स्टँड घ्या. पट्ट्यांचा माथा जमिनीपासून सुमारे ७२ सेंटिमीटर आणि बसल्यावर कोपर त्याच पातळीला. मुलाचे पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. पाय टेकल्याशिवाय पाठ सरळ राहत नाही.

चुकीच्या ॲडॅप्टरने वाद्यं जळतात. यामाहाची ही वाद्यं १२ व्होल्टवर चालतात. कॅसिओच्या लहान सीटी-एक्स मॉडेल्सना ९.५ व्होल्ट लागतात, पण त्याच कॅसिओच्या सीडीपी-एस११० ला १२. पिन एकमेकांत बसते म्हणून राउटरचा ॲडॅप्टर लावू नका. व्होल्ट तेच, पिनच्या मध्यभागी अधिक की उणे ते चित्र तेच, आणि अँपिअर तेवढेच किंवा जास्त, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच लावा.

‘बिघडला’ असं वाटतं, पण बिघडलेला नसतो

अर्ध्या तासाने आपोआप बंद होतो ही सर्वांत नेहमीची तक्रार. ती वीज वाचवायची सोय आहे. यामाहाच्या कीबोर्डवर आणि पी मालिकेत सर्वांत डावीकडची पट्टी दाबून धरून वाद्य चालू केलं की ती बंद होते. कीबोर्डच्या सेटिंगचा गोंधळ झाला असेल तर पीएसआर मालिकेत सर्वांत उजवीकडची पांढरी पट्टी धरून चालू करा, सगळं मूळपदावर येतं. मात्र स्वतः साठवलेलं पुसलं जातं, म्हणून आधी नोंद करून ठेवा.

लॅपटॉपला जोडल्यावर प्रत्येक स्वर दोनदा ऐकू येतो, तेव्हा एक आवाज वाद्याचा आणि दुसरा सॉफ्टवेअरचा असतो. वाद्याच्या मेन्यूत ‘लोकल’ बंद करा. ब्लूटूथ हेडफोन घेतला आणि पट्टी दाबल्यावर स्वर उशिरा येतो, तर त्यावर इलाज नाही. वादनाला वायरचाच हेडफोन लागतो.

गणेशोत्सवाच्या मंडपात कीबोर्ड मिक्सरला जोडताना ऑर्केस्ट्रावाले सहसा हेडफोनच्या जॅकमध्ये साधी मोनो केबल खुपसतात. त्याने उजवी बाजू गायब होते आणि पियानोचा टोन पोकळ येतो. एका टोकाला स्टिरिओ जॅक आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो जॅक अशी केबल घ्या, मिक्सरचे दोन चॅनेल वापरा. वाद्याचा आवाज पाऊणवर ठेवून बाकी मिक्सरवर वाढवा. लॅपटॉपही जोडलेला असताना घूं असा आवाज आला तर आधी त्याचा चार्जर काढून पाहा.

पावसाळा आणि जुनं वाद्य

कोकणात, गोव्यात, मुंबईत पट्ट्या बाद होतात त्या ओलाव्याने आणि धुळीने. सुरुवातीला सांगितलेल्या दोन संपर्कबिंदूंपैकी पहिल्यावर धूळ बसली की तो उशिरा जुळतो, दोन्हींमधला वेळ घटतो आणि चिप समजते की पट्टी फार जोरात दाबली. मग तो एकच स्वर किंचाळतो. दुसरा जुळेनासा झाला की स्वर येतच नाही. दोन्ही बाबतीत मदरबोर्ड बदलायची गरज नसते. खालच्या अंगाने उघडून रबरी पट्ट्या काढायच्या, काळ्या कार्बनच्या ठिपक्यांवरून आणि सर्किटवरून आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला केलेला, धागे न सुटणारा कपडा अलगद फिरवायचा आणि पूर्ण वाळल्यावर बंद करायचं. घासायचं नाही, तेलाचा स्प्रे तर मुळीच मारायचा नाही. ६१ पट्ट्यांचं काम सवयीचा कारागीर सहज करतो. हॅमर ॲक्शन उघडायचं काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडेच द्या, आतली ग्रीस आणि दांडे जागच्या जागी बसले नाहीत तर पट्ट्या खडखडू लागतात.

टाळायचं असेल तर कापडी आवरण घाला. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, आत दमट हवा कोंडते. बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत एक दिवसाआड तरी चालू करून सगळ्या सप्तकांतून हात फिरवा. सिलिका जेलच्या पुड्या बॅगेत ठेवा, वाद्याच्या आत नाही.

जुनं घेताना हेडफोन लावून एकेक पट्टी दोनदा वाजवा, एकदा हळू, एकदा जोरात, ८८ च्या ८८. शेजारच्यांपेक्षा मोठी किंवा बारीक वाजणारी एखादी पट्टी म्हणजे साफसफाईचा खर्च धरा. पाच-सहा असतील तर सौदा सोडा. डोळे पट्ट्यांच्या पातळीला आणून बघा, एखादी खाली बसलेली असेल तर आतला हॅमर किंवा रबर गेलं आहे. आवाजाचा नॉब फिरवताना खरखर येते का, पेडलची पिन हलवल्यावर आवाज तुटतो का, सेलच्या कप्प्यात हिरवट-पांढरा गंज आहे का, हेही पाहा. मूळ ॲडॅप्टर नसेल तर नव्याची किंमत काढून तेवढी रक्कम कमी करायला सांगा, आणि दुकानाचं बिल असेल तर वॉरंटी उरली आहे का ते सीरियल नंबर सांगून कंपनीकडे विचारा.